दाजींची तहान

लातूर जिल्ह्यात त्या दुष्काळी वर्षी सगळ्यांत जास्त पाणी कुणी प्यायलं असेल, तर ते आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. अध्यापक विद्यालयात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ रोजच, खेड्यापाड्यांतल्या शाळा बघत हिंडायचे. बाया लांबलांबून घागरी आणत होत्या, माणसं टँकरमागे पळत होती, आणि हा काडीसारखा माणूस शाळेत शिरला की खुर्चीला टेकायच्या आधी म्हणायचा, "गुरुजी, घोटभर पाणी मिळंल का?" एका दिवसात जितक्या शाळा तितके तांबे पोटात जात. मग परतीच्या वाटेवर कंडक्टरला विनवून एखाद्या बाभळीजवळ एसटी थांबवायची. अहमदपूर रस्त्यावरच्या एका कंडक्टरनं त्यांचं नाव 'टँकर' ठेवलं होतं. "टँकर बसला का? मग चला," असं म्हणून तो घंटी ओढायचा.

तहान त्यांना क्वचितच लागलेली असे. पाणी आणायला गुरुजी कोणत्या पोराला उठवतात, ते त्यांना बघायचं असायचं. निकाल, भिंतीवरचे तक्ते, पाहुण्यांसाठी बसवलेलं स्वागतगीत, यांतल्या कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणत, "विचारलं की माणूस बरोबर उत्तर देतो, खरं न्हाई." गुरुजींची नजर कोणत्या लेकरावर थांबते आणि कोणाला ओलांडून पुढे जाते, एवढ्यात त्यांना अख्खी शाळा दिसायची. ही युक्ती कुठून सुचली, असं मी एकदा विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "चौथीपर्यंत आमच्या गुरुजींनी मला एकदाबी पाणी आणायला पाठवलं न्हाई. मला वाटायचं, मी हुशार हाय म्हणून." आणि ते हसले. माझंही बालपण बौद्ध वस्तीतच गेलेलं. मला काही हसू आलं नाही.

बाकी माणूस फार घाबरट. सकाळच्या गाडीसाठी ते उजाडायच्या आत स्टँडवर जाऊन बसत. गाडीत बसल्यावर कंडक्टरला विचारत, ही गाडी नक्की अहमदपूरलाच जाते ना. आणि मग शेजारच्या उतारूला हळूच विचारत, कंडक्टर नवा तर नाही ना. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे होते. या धांदलीत एखादी शाळा जुन्या जिल्ह्यातून निघून नव्यात पोचलीच नाही तर, ही काळजी त्यांना जेवताना लागायची आणि हातातला घास हातातच राहायचा.

अक्का या सगळ्याची टर उडवायची. एकदा ताटावर बसल्या बसल्या त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पाणी कोण उठून देतं ते जिल्हाभर बघत फिरता. आपल्या घरात कोण देतं, ते बघितलं का कधी?" दाजींना त्या दिवशी पुढे जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात पाणी द्यायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. आल्यागेल्याला स्वतः आणून द्यायचे. हात थरथरायचा, त्यामुळे काचेचे पेले टिकेनात. पाहुण्यांचे गुडघे भिजायचे. मग अक्कानं स्टीलचे आणले. "अहो, पाणी आणा," ही तिची हाक आमच्या गल्लीला पाठ झाली.

त्यांचा सगळा जीव अहमदपूरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत होता. ती सरकारनं दिलेली नव्हती, लोकांनी उभी केलेली होती. मुसलमान गवंड्यांनी भिंती घातल्या, वरच्या आळीनं पत्रे दिले, बौद्ध वस्तीनं दगडमाती वाहिली. आणि जागा अशी निवडली, की ती कुणाच्याच दारात येऊ नये. हे सगळं जुळवताना दाजींनी दोन जोड चपला झिजवल्या होत्या. आता नव्या जिल्ह्याचे साहेब मान्यतेसाठी तपासणीला येणार होते. पटावर पोरं कमी भरली तर शाळा बंद, आणि बौद्ध वस्तीच्या लेकरांना दुसरी शाळा जवळपास नव्हती.

त्या उन्हाळ्यात दाजी तिथं जाऊन आले ते कोड्यात पडूनच. पाणी मागितल्यावर गुरुजींनी एकाही पोराला उठवलं नव्हतं. ते स्वतःच उठले होते. "ह्याचा अर्थ काय लावायचा?" दाजी मला पुन्हापुन्हा विचारत. गुरुजी खरंच इतके मोठ्या मनाचे, का काही लपवतायत? अक्का म्हणाली, "त्यांनाच विचारा की." पण विचारणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. शेवटी मला सोबत घेऊन ते पुन्हा गेले.

गुरुजी वरच्या आळीतले, मऊ स्वभावाचे. दाजींनी पाणी मागताच ते पुन्हा उठू लागले. दाजी म्हणाले, "तुम्ही बसा. लेकरू आणंल." गुरुजी बसले आणि टेबलाकडे बघत राहिले. कुणाचंच नाव घेतलं जाईना. तेव्हा मागच्या ओळीतली, बौद्ध वस्तीतली एक मुलगी आपणहून उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "कोणत्या माठातलं आणू, सर?"

दाराआड दोन माठ होते. टँकरचं पाणी तेच, वाटणी तेवढी नवी.

दाजी उठले. मला वाटलं, आता गुरुजींना बोलतील. ते माठांकडे गेले. घरी ज्यांना पेला नीट धरता येत नव्हता, त्या माणसानं बौद्ध वस्तीचा माठ दोन्ही हातांनी उचलला आणि दुसऱ्यात ओतला. एक थेंब सांडला नाही. मग ते जागेवर येऊन बसले. टँकर परवाशिवाय येणार नव्हता. आता ते पाणी प्यायचं, नाहीतर वर्गानं तहानलेलं राहायचं. वरच्या आळीनं पोरं काढून घेतली तर शाळाच संपली. "मेव्हणीबाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "मोडली का मी शाळा?"

पत्रे तापत होते. पोरं गुरुजींकडे बघत होती. गुरुजी उठले, माठाजवळ गेले आणि त्यांनी पेला भरून सगळ्यांसमोर सावकाश पाणी प्यायलं. मग दाजींना म्हणाले, "सर, गावानं माठ दोन केले आन् कुणाला उठवावं तेच मला सुचंना. म्हणून मीच उठत होतो." एवढं बोलून त्यांनी तोच पेला त्या मुलीच्या हातात दिला आणि सरांना पाणी द्यायला सांगितलं.

वरच्या आळीतल्या काही घरांनी पोरं काढलीच. तपासणी होईपर्यंत दाजींना झोप नव्हती; रात्री उठून ते अंगणात फेऱ्या मारत. पोरं कशीबशी पुरली आणि शाळा राहिली. पण माठ एकच राहिला का, हे बघायला दाजी पुढे कितीतरी वर्षं जात राहिले, अगदी पायांत जोर उरला नव्हता तेव्हाही.

या उन्हाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी ते गुरुजी भेटायला आले. आता फार थकलेत. उन्हातून चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून, रोजच्यासारखंच म्हणाली, "अहो, गुरुजींना पाणी आणा."

आत सगळं शांत होतं. अक्कानं पदर तोंडाशी नेला. मी उठले, तर गुरुजीही गुडघ्यावर हात टेकून उठलेच होते.