तोंडाने ओढलेला शेंबूड

माझ्या पहिल्या मुलाला पाचव्या महिन्यात पडसं झालं आणि आईपण हे किती घाणेरडं काम आहे ते मला कळलं. नाकातून दोन पिवळ्या-हिरव्या वाती ओठापर्यंत. एक पुसावी तर दुसरी तयार. दुपट्याला शेंबूड, माझ्या खांद्याला शेंबूड, वेणीच्या टोकाला वाळून कडक झालेला शेंबूड. लेकरू माझं, माया माझी. पण किळस यायची ती यायचीच.

मी आळंदला शाळा शिकलेली. माझ्या लहानपणीच आमच्या घरच्यांनी धम्म घेतला होता. कुणाला नाक मुरडायला जागा नको म्हणून आईने आम्हाला घासूनपुसून वाढवलं. लग्न होऊन मादन हिप्परग्याला आले ती ते वेड बरोबर घेऊनच.

तिसऱ्या दिवशी पोराचं नाक पार चोंदलं. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं, श्वास कोंडायचा, सोडून किंचाळायचं. सकाळपासून पोटात काही नाही. मी पदराचं टोक पिळून त्याच्या नाकात घालायला बघत होते. सासू चुलीपुढून उठली.

"कामून छळायलीस त्याला? आण हिकडं."

तिने पोराच्या नाकाला सरळ तोंड लावलं, सुर्रकन ओढलं आणि राखेत थुंकली. परत ओढलं, परत थुंकली. मी तोंड फिरवलं. पोर मात्र लगेच पचापचा प्यायला लागलं.

मग तिने चूळही न भरता चहा घेतला. तो कप मी दोन बोटांनी उचलला, राखेने घासला आणि बाकीच्या कपांत न ठेवता बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातला. संध्याकाळी तिला तो दिसला.

"हाटेलात आमचा कप असाच भाईर ऱ्हायचा," ती म्हणाली. "आता घरात बी व्हय?"

चुकलं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तूर काढायला शेतात गेली. दुपारी नाक पुन्हा चोंदलं. पोर रडून रडून काळंनिळं, आणि ओढायला घरात मी एकटीच. डोळे मिटले, तोंड लावलं, ओढलं. खारट, कोमट, बुळबुळीत. दारातच भडाभडा ओकले. मग परत ओढलं. पोर प्यायलं तेव्हा मला रडू फुटलं, पण किळस काही गेली नाही. आईला स्वतःच्या लेकराची किळस येत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे.

दिवेलागणीला सासू परतली. अंगभर तुरीचा भुसा.

"पिलं का?"

"पिलं."

एवढंच बोलणं झालं. पोर तिच्याकडे झेपावलं. रोज आल्या आल्या त्याला उचलणारी ती एकदम मागे सरली. बाहेर जाऊन तिने तांब्याभर पाण्याने तोंड धुतलं, तीनदा चूळ भरली आणि मग माझ्याकडे न बघता हात पुढे केले.

पडसं आठवड्यात गेलं. ती मात्र जन्मभर लेकरू घ्यायच्या आधी चूळ भरत राहिली, आणि मी तिला एकदाही 'नको' म्हणाले नाही.