हानताईची खुर्ची

आमच्या च्यूंग चाऊ बेटावर सुक-हानइतकी हसरी बाई नाही, आणि तिच्याइतकी माहजाँगला, म्हणजे आमच्या चौघींनी खेळायच्या सोंगट्यांच्या खेळाला, हपापलेली तर मुळीच नाही. सकाळभर बंदरावर माशांचे गोळे तळून विकायची, दुपारी दुकान बंद केलं की तडक यिम बहिणींच्या घरी. तिथे त्या दोघी, मी आणि आमची हानताई. खिडकीजवळची खुर्ची तिची.

गेल्या हिवाळ्यात खेळता खेळता तिची नजर एकाएकी थिजली आणि उजवा हात झटके देऊ लागला. आमच्याकडे समोरचीचा हात थरथरला की सगळ्या एकच समजतात: डाव मोठा आहे आणि बाईला जिंकायला आता एकच सोंगटी हवी आहे. आम्ही तिघी सावध झालो. तिला लागेल अशी सोंगटी कुणी टाकेना. हानताई धाडकन खाली कोसळली, अंग ताठ झालं, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. थोरल्या यिमने तिला कुशीवर वळवलं, मी डोक्याखाली उशी सरकवली. शुद्धीवर आल्या आल्या ती पुटपुटली, “माझा डाव कुणी पाहिला?”

पाहिला होता, तिघींनीही. अगदी भिकार डाव होता.

पुन्हा तसंच झालं, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची आकडी डोकं ताणून खेळण्यानेच येते. मासे तळताना येत नाही, टीव्ही बघताना येत नाही. गोळ्या घ्याच, पण खेळ बंद. शेजारी बसून बघणंही बंद, कारण तुम्ही मनातल्या मनात खेळणारच. डॉक्टरीणबाई माणूस ओळखून होत्या.

दवाखान्यात हानताई हसली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. खेळ गेला त्यापेक्षा खुर्ची जाणार याचा तिला घोर लागला होता. तिघींवर डाव अडणं म्हणजे आमच्यात सुतकाहून वाईट. चौथी लगेच शोधतात, आणि एकदा बसलेली चौथी उठत नाही. धाकट्या यिमने आपल्या चुलतबहिणीला निरोप धाडलाही होता. मला तिचा असा राग आला!

दुसऱ्या दुपारी दारात बघते तर हानताईचा नवरा कुंग. जन्मभर बोट चालवली आणि जन्मभर माहजाँगला शिव्या घातल्या. मागे हानताई, हातात वाटाण्याच्या शेंगांची टोपली. कुंग चपला काढून थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

“भाऊजी, खेळता येतं का?” धाकटीने विचारलं.

“नाही. पण ही खुर्ची रिकामी नाही.”

चुलतबहीण आली तशी चहा पिऊन परत गेली.

तेव्हापासून कुंग आमचा चौथा. इतका ढ गडी मी पाहिला नाही. जिंकतोय हेही त्याला आम्हीच सांगायचं. हानताई आत स्वयंपाकघरात शेंगा सोलते, सोंगट्यांचा आवाज कानी पडू नये म्हणून रेडिओ लावून. डाव संपला की तो उठतो, ती त्याच खुर्चीत येऊन बसते, आणि मग आम्ही सगळे तिचे गोळे खातो नि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो.

परवा तो पुन्हा हरला तेव्हा मी डिवचलं, की भाऊजी, शिकणार कधी?

“शिकून काय करू? हिला बरं वाटेपर्यंत तर बसायचंय.”

हानताई दारात आली होती. “म्हाताऱ्या, डॉक्टरीणबाई जन्मभर खेळू नका म्हणाल्यात.”

कुंग सोंगट्या ढवळत राहिला. “मग तोवर बसतो.”