कोरड्या दिवसाचा रांजण
रांजण घासताना शेवाळाचा वास आला की मला धाकटी जाऊ आठवते. गावच्या आरोग्य समितीत तिला घेतलं, मला नाही, हे मला फार लागलं होतं. दर शनिवारी कोरडा दिवस असायचा. डास होऊ नयेत म्हणून घरोघरी साठवलेलं पाणी ओतून भांडी पालथी घालायची, आणि जाऊ बॅटरी घेऊन ती तपासत फिरायची. बायका तिला कौतुकानं चहाला बसवायच्या. एकदा मी मुद्दाम दोन आठवडे परसातला रांजण ओतलाच नाही, म्हटलं बघू काय करते. तिनं वाकून उजेड पाडला. आत अळ्या वळवळत होत्या. “अक्का, जरा सरका की,” एवढंच म्हणाली, पदर खोचून पाणी ओतलं, रांजण घासला आणि उन्हात पालथा घातला. पुढच्या दारात थांबलेल्या बायकांनी विचारलं, “काय निघालं गं?” ती म्हणाली, “काय न्हाय. अक्कांचं सगळं स्वच्छ हाय.” आता समितीत मी आहे, बॅटरीही माझ्याच हातात असते. पण कुणाकडं अळ्या सापडल्या की मी आधी चारचौघींना सांगून मोकळी होते, आणि जावेचा हेवा परत तसाच टोचायला लागतो.