कड्याची परवानगी

जीव धोक्यात घालायची परवानगी सरकारकडे इतक्या अदबीने मागणारा माणूस आमच्या थोरल्या भावजींसारखा साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. कोपरीच्या आमच्या तीन मजली चाळीत, शेवटच्या मजल्यावर, आमच्याच बिऱ्हाडात राहायचे. लग्न केलेलं नव्हतं, दारूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचा नाद नव्हता. त्यांची मागणी एकच होती. एखाद्या उंच कड्यावरून हवाई छत्री घेऊन उडी मारायची, आणि तीही रीतसर विचारून. यजमान म्हणायचे, "अरे दादा, डोंगरावर कोण बघतंय? जा, मार उडी आणि ये घरी." त्यावर भावजींचा चेहरा असा व्हायचा, जसं काही यांनी त्यांना दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे काढायला सांगितलंय. "विचारून उडी मारली म्हणजे माझ्यामागून येणाऱ्यालाही मारता येते," ते म्हणायचे. "चोरून मारली तर ती माझ्यापुरतीच राहिली."

हा नाद त्यांना फौजेत लागला. ऐन तारुण्यात नऊ वर्षं ते फौजेत होते आणि तिथे त्यांचं काम हवाई छत्र्यांच्या घड्या घालण्याचं. उड्या मारणारे दुसरे, घडी यांची. पण घडी घालणाऱ्यानेही अधूनमधून स्वतः उडी मारून दाखवायची, अशी तिथली पद्धत होती. त्यामुळे काम कुणी हयगयीने करत नसे. अशा सहा उड्या भावजींनी विमानातून मारल्या होत्या. परत आले, वागळे इस्टेटीत एका कारखान्यात लागले, पण घडी काही सुटली नाही. आमच्या घरातली प्रत्येक चादर छत्रीच्या घडीची असायची. आधी ती जमिनीवर लांब अंथरायची, गुडघ्यांनी हवा काढायची, मग कडा मोजून एकावर एक. माझ्या साड्या, टॉवेल, वाण्याकडून आलेली कागदी पिशवी, सगळ्याचं तेच. एकदा पाहुणे आले नि मी घाईत चादर झटकून अंथरली, तर भावजी हळूच म्हणाले, "अगं, उघडताना एक झटका कमी दे. एवढ्या झटक्यात माणसाचे खांदे उतरतील." पाहुणे बिचारे रात्रभर त्या चादरीवर अवघडून झोपले.

दर रविवारी सकाळी ते गॅलरीतून दुधी खाली सोडायचे. दुधीला जुन्या छत्रीचं कापड आणि आठ दोऱ्या बांधलेल्या. खाली अंगणात एक कोळीण मावशी बोंबील वाळत घालायच्या. पहिल्या रविवारी दुधी नेमका बोंबलांवर उतरला. मावशींनी वर बघून हाक दिली, "अरे मेल्या, भाजीच टाकायची तर चिरून तरी टाक!" भावजी तीन जिने धावत उतरले. मला वाटलं माफी मागतील. तर त्यांनी विचारलं, "मावशी, पडताना सरळ आला की फिरत?" मावशी म्हणाल्या, "माझ्या बोंबलावर आला!" पण दोन-तीन महिन्यांत मावशींनाही गोडी लागली. बोंबील थोडे सरकवून त्या दुधीसाठी जागा ठेवायच्या आणि वर ओरडून सांगायच्या, "आज भरकटला रे, खाडीचा वारा आहे!" तो दुधी मग आमच्याच भाजीत जायचा. कित्येक वर्षं सोमवारी आमच्याकडे खरचटलेल्या दुधीची भाजी असायची.

एकदा सासूबाईंनी जबरदस्तीने त्यांना डोंबिवलीला मुलगी बघायला नेलं. मीही सोबत होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पुढचा काय विचार?" भावजी म्हणाले, "सध्या वनखात्यात अडकलंय." वडील खूश झाले. त्यांना वाटलं, जावई वनखात्यात चिकटतोय. त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागवली. ती संपेपर्यंत भावजींनी कड्याची उंची, वाऱ्याचा जोर आणि कागद कुणाच्या टेबलावर आहे ते सगळं सांगून टाकलं. निघताना मुलीचे वडील सासूबाईंना म्हणाले, "मुलगा फार प्रामाणिक आहे."

परवानगीचे अर्ज मी लिहायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर गोल होतं, आणि भावजींचं अक्षर असं की अर्ज वाचणाऱ्यालाच धोका. ते गॅलरीत फेऱ्या मारत सांगायचे आणि मी पाटावर कागद ठेवून लिहायची. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण जिल्ह्यातल्या मोठमोठ्या साहेबांशी मी कागदावर बोलत होते, याचं मला आतून फार बरं वाटायचं. भावजी अर्ज घेऊन जायचे, आत शिरताच कडक "जय भीम साहेब" म्हणायचे आणि बाकावर ताठ बसायचे. पोलिसांच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, "मरायचंय का तुम्हाला? आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे." भावजी म्हणाले, "साहेब, मरायचं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" वनखात्यातले साहेब माणूस भला, त्यांनी नकाशा काढून दाखवला. "तुम्ही जिथून निघणार ती जमीन आमची. जिथे पोचणार ते शेत गावाचं. मधलं जे आहे ते आमच्याकडे येत नाही." मग भावजी मधल्या हवेसाठी वणवण फिरले. ती कुणाच्या ताब्यात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी एका कारकुनाला त्यांची दया आली. त्याच्याकडे सभा, मिरवणूक आणि लाउडस्पीकर एवढ्यांचेच छापील फॉर्म होते. त्याने लाउडस्पीकरचा फॉर्म भरून घेतला आणि शिक्का मारून दिला. "हे धरा. निदान सुरुवात तरी झाली." जागा, अमुक कडा. वेळ, सकाळी आठ ते रात्री दहा. दुसरा कुणी असता तर त्याने तो कागद हसून सोडून दिला असता. पण भावजींना पहिल्यांदाच सरकारने हो म्हटलं होतं. मिळालेली परवानगी वाया घालवणं त्यांना जमेना. त्यांनी मांडववाल्याकडून कर्णा आणि बॅटरी आणली, आंबिवलीच्या बरंच पुढे गाडीतून उतरले, दोन तास चालले, सगळं ओझं कड्यावर चढवलं आणि खालच्या गावाकडे तोंड करून बोलायला लागले. "गावकरी बंधू-भगिनींनो, मी कोपरी ठाणे पूर्व येथून आलो आहे. मला या कड्यावरून छत्री घेऊन उडी मारायची आहे. आपली काही हरकत असल्यास कृपया कळवावे." गावाला आधी वाटलं निवडणूक लागली. मग वाटलं नसबंदीवाले आले, तशी माणसं शेतात पांगली. पायथ्याला गुरं चारणारी एक म्हातारी तेवढी हलली नाही. तिने दोन्ही हात तोंडाशी धरून वर आरोळी दिली, "रं, सकाळधरनं बोंबलतंस, जेवलास का?"

सगळं गाव तिला बाय म्हणायचं, भावजीही म्हणायला लागले. त्या दिवशी ते तिच्या अंगणात जेवले आणि पुढची सहा-सात वर्षं दर महिन्याला जात राहिले. सरकारी कागदांत गावाची संमती लागायची होती आणि संमती मिळवायची तर गावाला आपण बरे वाटलो पाहिजे, हा त्यांचा हिशेब. मग ते बरे वाटायला लागले. लावणीला चिखलात उतरले. कुणाच्या हळदीत नाचले. गावातल्या साऱ्या गोधड्यांच्या त्यांनी अशा घड्या घातल्या की फडताळात निम्मी जागा रिकामी झाली. पहिल्या वर्षी अंगणात बसणारा माणूस तिसऱ्या वर्षी बायच्या चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागला. आमची जात तिथे सगळ्यांना माहीत होती. भावजींनी लपवली नव्हती आणि बायने विचारली नव्हती. आजारी पडले तर कोपरीला निरोप यायचा, "आमचा माणूस बरा आहे का?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अखेर सगळे कागद जमले. वनखात्याचा, पोलिसांचा, तहसीलचा. राहिली फक्त गावाची सही. भावजी नवा शर्ट घालून गावाच्या बैठकीला गेले. माझ्याच अक्षरातला कागद पाटलांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "गावची रीत हाय. आपला माणूस कड्यावरनं पडून गेला तर त्या साली देवीची पालखी उठत नाय. परक्याला ही रीत नाय. तू पयल्या वर्षी मागितली असतीस तर उभ्या उभ्या सही दिली असती."

भावजी म्हणाले, "मी परकाच आहे की पाटील. मी कोपरीचा."

मागे बायकांत बसलेली बाय उठली. "परका? माझ्या चुलीवरची भाकरी काय परक्यानं खाल्ली? बस खाली."

झालं. सरकारने बारा वर्षांनी हो म्हटलं आणि गावाने मायेपोटी नाही म्हटलं. भावजी घरी आले, शर्ट काढून घडी घातली आणि त्या रविवारी दुधी काही खाली आला नाही. कोळीण मावशींनी दुपारी वर येऊन विचारलं, "बरं नाही का रे?" ते म्हणाले, "सगळ्यांनी मला आपलं म्हटलं मावशी, आता काय करू?"

दोन हिवाळे असेच गेले. मग कुणीतरी एका परदेशी नवरा-बायकोला भावजींचा पत्ता दिला. ती दोघं देशोदेशीच्या कड्यांवरून उड्या मारत फिरायची. भावजींनी स्वतःसाठी जमवलेले सगळे कागद, तीच वाट, तीच टेबलं, त्या दोघांच्या नावाने फिरवले. मी पुन्हा अर्ज लिहिले. आता साहेब लोक भावजींना बघून खुर्ची द्यायचे. सारं महिन्यात झालं. आणि गावानेही सही केली, वाचायच्या आधीच. ती दोघं कुणाचीच नव्हती.

उडीच्या दिवशी मी पहिल्यांदाच त्या गावात गेले. गर्दी बघून मला घाम फुटला, म्हणून मी बायजवळ जाऊन तिच्या पदरामागे बसले. शेतात गुरं-पोरं नाहीत याची खात्री झाली की पाटलांनी पांढरा पंचा हलवायचा आणि मगच वरच्याने उडी मारायची, अशी खूण ठरली होती. आधी त्या पाहुण्यांमधला नवरा आला. बाई गं, काय ते दृश्य! माणूस दगडासारखा सुटतो, आपला श्वास अडकतो आणि मग फट्कन वर रंगीत कापड फुलतं. मग त्याची बायको आली. आमच्या घरातले शेकडो दुधी मला तेव्हा समजले. गाव टाळ्या वाजवत होतं. तासा-दोन तासांनी, गर्दी अजून पांगली नव्हती तेव्हा, कड्याच्या टोकावर तिसरा माणूस येऊन उभा राहिला.

पाहुण्यांकडे छत्र्या दोनच, पण नवऱ्याची छत्री घेऊन पोरं मघाशीच वर, भावजींपाशी गेली होती आणि तिची घडी भावजींनी घातली होती. गेले आठ दिवस ती दोघं त्यांना नव्या छत्रीचे धडे देत होती, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. तो माणूस टोकावर उभा राहिला आणि काहीच करेना. खालच्या पंच्याची वाट बघत राहिला. पाटलांनी पंचा काखेत दाबला.

बायने डोळ्यांवर हात धरला. "पोरी, कोण गं तो? आपला तर नाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना हजार पावलांवरून ओळखलं असतं. इतका ताठ, इतका अदबीने दुसरं कोण उभं राहणार? मी नाही म्हटलं नि काही वाईट झालं, तर ते माझ्या जिभेवर. हो म्हटलं, तर पंचा हलणार नाही, ते तसेच उलटे फिरतील आणि जिना उतरावा तसे कडा उतरून येतील, हेही मला माहीत होतं.

मी म्हटलं, "नाही बाय. परका आहे."

स्वतःची शेळी तीन डोंगरांपलीकडून ओळखणारी ती बाई. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कड्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि पाटलांना मोठ्याने म्हणाली, "परका हाय म्हणते ही. मग आपल्याला काय? हलव की पंचा!"

पंचा हलला. मी डोळे मिटले नाहीत. बायने मात्र माझा हात इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत बोटं वळत नव्हती. "उघडली का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "उघडली." तेवढ्यावर ती उठली, मागे न बघता गुरं हाकत निघून गेली. भावजी भाताच्या खुंटांत गुडघ्यांवर उतरले होते. त्यांनी इकडेतिकडे बाय कुठे आहे ते पाहिलं, आणि मग तिथेच बसून, कापड नीट अंथरून, घडी घालायला लागले.

त्यानंतर पुण्याहून, मुंबईहून पोरं येत राहिली. अर्जाचा नमुना आता सगळ्यांना ठाऊक झाला होता. गाव सही द्यायचं, पाटील पंचा हलवायचे, भावजी वारा बघून द्यायचे. स्वतः मात्र पुन्हा कधी टोकाशी गेले नाहीत. एकदा भाजी निवडता निवडता मी विचारलं, "भावजी, पुन्हा एकदा जावंसं नाही वाटत?" त्यांनी माझ्यापुढची मेथीची जुडी ओढून घेतली.

"वाटतं की गं," ते म्हणाले. "पण परवानगी एकदाचीच होती. बायला दुसऱ्यांदा कड्याकडे पाठ करून बसायला कसं सांगू?"