दत्ताभाऊंचं दळण

"मॅडम, मी गव्हाचा कण जरी खाल्ला असंल, तर माझ्या हातात पुन्हा स्टिअरिंग येऊ नाय."

असं म्हणून दत्ताभाऊंनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. ड्रायव्हर माणसानं स्टिअरिंगची शपथ घेतली की ती कोर्टातल्या शपथेच्या वर असते, हे मला मान्य होतं. रिपोर्टला मान्य नव्हतं. सहा महिने पथ्य करूनही आकडा होता तिथंच मांडी घालून बसला होता.

मी जालना रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ. लोकांना वाटतं, आहारतज्ज्ञ म्हणजे पेशंटच्या ताटातला भात काढून घेणारी बाई. खरं तर हे सीआयडीचं काम आहे. फक्त जीप मिळत नाही.

दत्ताभाऊ बिडकीनचे. एकवीस वर्षं बस चालवली. सोयगावच्या गाडीवर असताना अजिंठ्याचा घाट आपण डोळे मिटून उतरवायचो, असं ते सांगत. मी त्या गाडीत नव्हते, म्हणून विश्वास ठेवला. पुढे पोट बिघडलं. रोज बिघडायला लागलं. सिल्लोडपासून सोयगावपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक बाभळीशी त्यांची जातीनं ओळख झाली. वजन उतरलं. पहिल्यांदा माझ्याकडं आले तेव्हा पँट दोन सेफ्टी पिनांवर आणि देवाच्या भरवशावर उभी होती. हिमोग्लोबिन आठ. डेपोत एकदा चक्कर आली, तेव्हा त्यांना गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. आता ते दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगत होते.

आमच्या सरांनी, म्हणजे पोटाच्या डॉक्टरांनी, दुर्बीण घालून तपासलं, आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान केलं: सीलिॲक. हे सोपं करून सांगते. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की ती रबरासारखी ताणली जाते, ते त्याच्यामुळं. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. काहींचं शरीर मात्र ग्लुटेन दिसलं की स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. हा हल्ला किती जोरात आहे ते रक्ताच्या तपासणीत कळतं; रिपोर्टातला आकडा तो. आतड्याला आतून टॉवेलसारखी लव असते, अन्न ती शोषून घेते. ही लव झडली की टॉवेलचा होतो पंचा. मग बदाम खा नाहीतर लोहाच्या गोळ्या खा, सगळं वरच्या वर वाहून जातं. यावर औषध एकच. गहू बंद, आणि गव्हाचे जवासारखे चुलतभाऊही बंद. आयुष्यभर. कणभरसुद्धा नाही.

एक बजावून ठेवते. मोबाइलवरचे मेसेज वाचून आपल्या मनानं गहू सोडू नका. आधी तपासणी, मग पथ्य. आधीच गहू सोडून आलात तर तपासणीत काही सापडत नाही, आणि आमची पंचाईत होते.

निदान झालं त्या दिवशी मी दत्ताभाऊंना छाती ठोकून सांगितलं होतं, "तुम्ही मराठवाड्यात जन्मलात हे नशीब समजा. ज्वारीची भाकरी हेच तुमचं औषध. सहा महिन्यांत गाडीवर बसवते." वेगळा तवा, वेगळी परात, वेगळा डबा, सगळं लिहून दिलं. मला चिठ्ठ्या लिहायची हौस. डेपोच्या कँटीनला एक चिठ्ठी, मेव्हण्याच्या लग्नातल्या आचाऱ्याला एक, गावातल्या चक्कीवाल्याला एक. नातेवाइकांची यादी दिली असती तर मी पत्रिकाच छापल्या असत्या.

तिसऱ्या महिन्यात आकडा हलला नाही, तेव्हा मी हिंग पकडला. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे फार जणांना माहीत नसतं. मी तो हिंग बंद केला आणि आठवडाभर हॉस्पिटलात वाघ मारल्यासारखी फिरले. आता सहाव्या महिन्याचा रिपोर्ट समोर होता आणि माझा वाघ पुन्हा उठून बसला होता.

सरांनी बोलावलं.

"जाधवबाई, पेशंट खातोय."

"शपथ घेतो, सर."

"सगळेच घेतात. ढाब्यावर खात असेल. ड्रायव्हर लोकांना ढाबा सुटत नाही."

"सध्या ते खिडकीत बसतात, सर. खिडकीला ढाबा नाही."

सर हसले नाहीत. "तीन महिन्यांनी त्यांची डेपोची फिटनेस तपासणी आहे. तेव्हाही हिमोग्लोबिन असंच असलं तर ते कायमचे हलक्या कामावर जातील. आणि मला पुन्हा दुर्बीण घालून स्टिरॉइड सुरू करावं लागेल. त्याआधी तुम्ही त्यांच्याकडून खरं काढा."

मी खरं काढायला बसले. दोन तास विचारलं. बिस्कीट? नाय. लग्नातली जिलबी? नाय. चहात बुडवून खारी? दत्ताभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, सापडलं.

"खारी स्वप्नात खातो," ते म्हणाले. "ते पण धरता का?"

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मंगलताई आल्या. हातात स्टीलचा डबा. तो त्यांनी माझ्या टेबलावर असा ठेवला की पेपरवेट दोन इंच उडाला.

"ह्यांच्यावर शक घेतला म्हणं तुम्ही."

"तसं नाही हो."

"तसंच हाय. ह्ये माझ्या हातचं सोडून काय खात नायत. म्हंजी शक माझ्यावरच झाला का नाय? घरात पोळीचा तवा मी माळ्यावर टाकला. लेकरं सहा महिने झाले भाकर खाऊन ऱ्हायलीत. धाकटं म्हणतं, पोळीचा फोटो तरी दाखव. आता तुम्हीच बिडकीनला या आन काय ते धुंडा."

डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. पुरावा म्हणून आणलं होतं. पुरावा मी जेवणाच्या सुट्टीत नष्ट केला. एवढी मऊ, पांढरीशुभ्र भाकरी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती, आणि हे कौतुक मी त्यांना बोलूनही दाखवलं. आहारतज्ज्ञ म्हणून मला तिथंच शंका यायला हवी होती. मी दुसरी भाकरी घेतली.

रविवारी बिडकीनला गेले. मंगलताईंचं स्वयंपाकघर इतकं लख्ख की आमच्या ऑपरेशन थिएटरनं लाजावं. परात वेगळी. तवा वेगळा. मसाले घरचे. मी फडताळात डोकं घातलं, पोळपाट उलटा करून बघितला, चहाची पावडरसुद्धा हुंगली. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. त्यांना वाटलं, धाड पडली.

काहीच सापडलं नाही. शेवटी पिठाचा डबा उघडून मूठभर पीठ हातात घेतलं.

"पीठ फार बारीक आहे हो तुमचं."

"रशीदचाच्याच्या चक्कीवरचं हाय," मंगलताई म्हणाल्या. "ह्ये आजारी पडल्यापासून लई जपून दळतो बिचारा. तुमची चिठ्ठी दिली तवापासून तर ह्यांच्या दळणाचा नंबरच वेगळा लावतो."

"वेगळा म्हणजे कसा?"

"ते त्यालाच इचारा."

मंगलताईंनी ज्वारीची पिशवी उचलली आणि आम्ही दोघी निघालो. चक्की बाजाराच्या कोपऱ्यावर. रशीदचाचा म्हणजे पन्नाशीचा माणूस, भुवयांपासून चपलेपर्यंत पिठानं पांढरा. दत्ताभाऊ त्याच्या लहानपणापासूनचे दोस्त. मी कोण हे कळल्यावर त्यानं स्टूल पुसून दिलं. स्टूल जास्तच पांढरं झालं.

"म्याडम, तुमची चिठ्ठी मी फ्रेम करून लावली असती. जागा नव्हती म्हणून खिळ्याला लावली."

स्विचच्या वर, उदबत्तीच्या घराशेजारी, माझंच अक्षर होतं. "या पेशंटचे दळण विशेष काळजीने दळावे." खाली माझी सही. सहीखाली दोन रेघा.

"मग काळजी कशी घेता, चाचा?"

"दाखवतोच. भाभी दळण लाई है, बसा."

आता चक्कीवरची एक रीत सांगायला हवी. ज्या घरात पोळ्या होतात तिथली बाई गव्हावर गहूच दळून मागते. आधी ज्वारी दळलेली असली की पोळी फाटते, काळपट होते, आणि घरी बोलणी बसतात. म्हणून धान्य बदलायचं झालं की पहिला नंबर कुणालाच नको असतो. सगळ्या बायका पिशव्या घेऊन मागं सरकतात. गव्हाचा मान सगळे राखतात. ज्वारीला कुणी विचारत नाही.

चाचा एका मोठ्या पोत्यातला गहू दळत होता. गहू संपत आला. मला वाटलं, आता चक्की बंद करील, झाडील. त्यानं गव्हाच्या शेपटावरच दत्ताभाऊंची ज्वारी ओतली.

"बंद नाही करत?"

"रिकामी चक्की फिरवायची नसते, म्याडम. पत्थर पत्थर को खाता है. कचकच लागते पिठाला." मग तो माझ्याजवळ सरकून मोठं गुपित सांगावं तसं म्हणाला, "आणि दत्तासाठी मी मुद्दाम गव्हाच्या मागं नंबर ठेवतो. पंधरा-वीस किलो गहू दळला की पत्थर गरम होतो, गुळगुळीत होतो. मग ज्वारी अशी निघते, मलई. बिमार आदमी का आटा है. पोटाला टोचायला नको."

मी चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीखाली तळहात धरला. आधी तांबूस पीठ पडलं. मग भुरकं. मग हळूहळू पांढरं. बाही झटकली तर तिच्यातून सगळ्या गावाचा गहू निघाला असता.

"चाचा, त्यांना गहू चालत नाही, हे माहीत होतं ना?"

"व्हय तर. म्हणून तर पहिल्या दोन मुठी मी त्याला देतच नाही. बकरीला घालतो."

दारात बकरी होती. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या बकऱ्यांत तब्येतीनं एक नंबर. वासराएवढी म्हटलं तर खोटं होईल, पण फार नाही.

मी दोन मुठींनी भागत का नाही ते समजावलं. दगडाच्या खाचांत राहिलेला गहू शेवटच्या किलोपर्यंत येत राहतो, आणि दत्ताभाऊंना चिमूटभरसुद्धा पुरतो. चाचानं स्विच बंद केला. चक्की थांबली.

"म्हणजे सहा महिने मीच माझ्या दोस्ताला..."

"तुम्ही नाही," मी म्हटलं आणि खिळ्याकडं बघितलं. चिठ्ठीच्या आधी दत्ताभाऊंचं दळण नंबर येईल तसं व्हायचं. कधी ज्वारीवर, कधी बाजरीवर, क्वचित गव्हावर. चिठ्ठी गेल्यापासून न चुकता, दर वेळी, गव्हावर. मी काळजी घ्या असं लिहिलं होतं. कसली, ते लिहायचं राहिलं होतं. सहीखाली रेघा मात्र दोन मारल्या होत्या.

कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीची जुनी छोटी चक्की होती. तिच्यात गहू कधी गेला का, हे मी पाच वेळा विचारलं. तो नाही म्हणाला. मग आठवून म्हणाला, दिवाळीला चकलीची भाजणी येते, तिच्यात कुणी कुणी गहू घालतं. ती भाजणी आजपासून मोठ्या चक्कीवर, असं ठरलं. दगड उघडून ब्रशनं घासले, बाही नवी शिवली. शुक्रवारी दुपारपर्यंत मोठी चक्की बंदच असायची, त्यामुळं हवेतही गहू नाही. शुक्रवारी सकाळी डाळीच्या चक्कीवर फक्त दत्ताभाऊंचं दळण. घरातलं जुनं पीठ मंगलताईंनी त्याच दिवशी बकरीकडं पोचवलं.

मी चिठ्ठी खिळ्यावरून काढून पर्समध्ये टाकली आणि सोमवारी सरांपुढं उभी राहिले.

"सर, पेशंट खात नव्हता. मी खाऊ घालत होते."

"कसं?"

"चिठ्ठीनं."

त्यांनी ती वाचली, सहीखालच्या रेघा बघितल्या आणि परत दिली. "स्टिरॉइड तीन महिने थांबवू," एवढंच म्हणाले. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

पहिला महिनाभर दत्ताभाऊंच्या भाकरीला बेसनाचा रंग आणि वास येत होता. ते म्हणायचे, पिठलं वेगळं करायची गरजच उरली नाय. दुसऱ्या महिन्यात बाभळींची ओळख सुटत चालली. तिसऱ्या महिन्यात एक सेफ्टी पिन निघाली. रिपोर्ट आला तेव्हा आकडा निम्म्याच्या खाली होता आणि हिमोग्लोबिन साडेअकरा. मागच्याच गोळ्या, मागचीच भाकरी. फक्त आता अंगी लागत होती.

फिटनेसमध्ये पास झाले. पहिली गाडी सोयगावचीच मिळाली. पुढं सोयगावला आमचं तपासणी शिबिर होतं, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या गाडीनं गेले. घाट त्यांनी डोळे उघडे ठेवून उतरवला. मी मिटले होते.

आता मी चिठ्ठ्या लिहीत नाही, चक्कीवाल्याला फोन करते. आणि नवा पेशंट आला की काय खाता, हे नंतर विचारते. आधी विचारते, तुमची काळजी कोण कोण घेतं. मग त्या सगळ्यांना एकेक करून जाऊन बघते.