हेडलीचा चिमटा

आमच्या श्रॉपशायरच्या जुन्या मोटरसायकलवाल्यांची एक खोड आहे. समोरचा माणूस बरा आहे का, हे विचारायच्या आधी त्याच्या गाडीचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हलवून बघायचं. चाक डुगडुगलं की हसायचं. हेडली प्रीसचं डुगडुगायचं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचा आयव्हर बेडोज.

हसणंही हेडलीनं पचवलं असतं. पण त्याची बायको मेव्हिस गेले दोन उन्हाळे आयव्हरच्या मागं बसून आमच्या गाड्यांच्या सहलीला येत होती. "तुझं हँडल थडथडतंय. माझी कवळी पडंल रस्त्यात," असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. हेडली मागून एकटा यायचा. पुढं आयव्हरच्या पाठीआड तिचा निळा रुमाल फडफडताना दिसला, की त्याच्या काळजाला मिरची झोंबायची.

हेडलीनं जन्मभर दुधाची लॉरी चालवली, पण हत्यार त्याच्या हाताला वळायचं. त्या हिवाळ्यात त्यानं शेडचं दार लावून घेतलं आणि पुढचं चाक ज्यात बसतं तो गाडीचा चिमटा उतरवला. सांध्यांतल्या पिना मधोमध झिजून बारीक झालेल्या, त्या ज्यात फिरतात त्या धातूच्या बुशांची भोकं अंड्यागत लांबट. जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, नव्या पिना सरळ जाईस्तोवर आतून घासले. काम चोख झालं. शेवटी मात्र त्याला आयव्हरचं हसू आठवलं. पिनेच्या कडेचा वायसर, म्हणजे नटाखालची चकती, बोटानं फिरला पाहिजे, नट तेवढाच आवळायचा, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेडलीनं वायसर जाम होईस्तोवर नट आवळला. आता बैल लावला असता तरी चाक डुगडुगलं नसतं.

मे महिन्यातल्या सहलीला आयव्हरनं ते चाक धरून हलवलं, पुन्हा हलवलं, आणि न हसताच आपल्या गाडीकडं गेला. मेव्हिस ऐटीत नवऱ्याच्या मागं बसली.

चहाला चर्चच्या हॉलपाशी थांबलो, तेव्हा ती कंबर धरूनच उतरली. "धोंड्यावर बसवून डोंगरावनं ढकललं असतंस तर बरं हुतं."

आयव्हरनं वाकून वायसरला बोट लावलं. "गड्या, ह्यो फिरतच न्हाई. मग चिमटा खालवर हुणार कसा? आण पाना, सैल करून देतो."

"माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई."

"मग हिला काय चालत धाडतोस घरी?"

"तिचं ती बघंल."

तिनं बघितलं. केक संपवला, बोटं पुसली आणि आयव्हरच्या मागं जाऊन बसली.

परतताना हेडली मुद्दाम मागं राहिला. पहिल्या वळणाआड, कुणी बघत नाहीसं पाहून, त्यानं कुंपणाच्या कडेला गाडी लावली आणि वायसर बोटानं फिरेपर्यंत सगळे नट सैल केले. मग गाडी अशी सोडली, की उतारावर आम्हाला गाठलंच. हँडल सोडून दोन्ही हात हवेत, छाती पुढं, आणि बदक पाण्यावरनं जावं तसा आयव्हरच्या शेजारनं सरळ निघून गेला.

"थांबव," मेव्हिसनं आयव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

पुढच्या फाटकाशी हेडली उगीच टाकी पुसत उभा होता. ती चालत गेली आणि त्याच्या मागं बसली. "हात हँडलवर ठेव, येड्या."

"त्यो काय म्हणत हुता माझ्याबद्दल?"

"बुश झ्याक बसवलेत म्हणाला."

"त्याला इचारलं कुणी?" म्हणत हेडलीनं किक मारली.