पाय वर घ्यायला जागा

"पायाच्या शिरांनी कुठं माणूस मरतंय व्हय?" भिंतीला टेकलेली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली. काकूला नुकतंच स्मशानात नेलं होतं. मी दाराशी उभी होते. बोलावंसं वाटलं... पण नेहमीप्रमाणेच जमलं नाही.

साताऱ्याकडची माझी ही काकू नवी मुंबईत महाप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर तिथे उभी, घरी आली की ओट्याशी उभी. पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा मला दाखवत म्हणायची, "ही बघ कृष्णा, ही कोयना. घोट्यापाशी संगम!" त्या संगमावरची कातडी आधी तपकिरी झाली, मग तिथे जखम झाली.

"तू इंग्लिश मिडियमची, तुला डॉक्टरचं कळंल," म्हणून ती दवाखान्यात मला नेई. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. रक्त खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त पायात साचतं. चालताना पोटरी ते वर ढकलते, नुसतं उभं राहून ते होत नाही. म्हणून घट्ट मोजे, चालणं, आणि दिवसातून काही वेळा आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवणं.

मोजे तिने इमानाने घातले. पण आमचं घर वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत आजोबा, स्वयंपाकघरात देव्हारा. "मामंजींसमोर तंगड्या वर करू? का देवाकडं करू? येडी का काय तू!" ती हसायची. आजोबांनी कधी मनाई केली नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते खाली फिरायला गेले की काकू भिंतीला पाय लावून पडे, आणि जिन्यात काठी वाजली की ताडकन उठून बसे. जखम भरत यायची, पुन्हा उघडायची.

मग एके दिवशी पोटरी लाल, दगडासारखी घट्ट झाली. "उद्या सुट्टी हाय, उद्या जाऊ," म्हणाली. सकाळी तिला धाप लागली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. पाय वर घेतले असते तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण पोटरी सुजली त्याच दिवशी यायला हवं होतं."

तिला जाऊन काही आठवडे झालेत. ओट्याशी आता आई एकटी उभी असते. परवा तिने भांडं उचलायला साडी जरा वर खोचली, तेव्हा घोट्यावरचा तपकिरी डाग मला दिसला. तिने साडी लगेच खाली सोडली. "काही नाही गं, डास चावला."

आजोबा बाहेर बातम्या बघत होते. मी कपाटातून दोन उशा काढल्या, त्यांच्या खुर्चीसमोरच्या सतरंजीवर एकावर एक ठेवल्या. आई दारातून डोळ्यांनी नको-नको म्हणत होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आजोबा, आई आता इथे पाय वर करून झोपणार आहे. आणि रोज झोपणार आहे."